सुईचं टोक कुठंय?

"काका, मशीनमध्ये फॉल्ट आहे. सुई दिसतच नाही."

असा फोन आला की मी ओळखतो, नवीन बॅच रुजू झाली. सोनोग्राफी मशीनची दुरुस्ती-देखभाल हा माझा धंदा. बावीस वर्षं झाली. कुलाबा ते दहिसर, बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांचे मागचे जिने मला पाठ आहेत. त्या दिवशी परळला गेलो. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या विभागात, मागच्या खोलीतल्या टेबलावर, सोनोग्राफीत बघत सुई टोचण्याच्या सरावासाठी, स्टीलचा डबा होता आणि डब्यात करडी, थलथलीत वडी. चायना ग्रास उकळून त्यात ईसबगोल ढवळलेलं, आणि मध्ये पाण्याने भरलेला लांबट फुगा पुरलेला. फुगा म्हणजे शीर, बाकीचं म्हणजे माणूस. नुसता चायना ग्रास पडद्यावर काळाभोर दिसतो. ईसबगोलाचे कण आवाज विखुरतात, त्यामुळे वडी खऱ्या स्नायूसारखी रवाळ दिसते. कुणाच्या तरी आईच्या स्वयंपाकघरातून निघालेला हा माणूस दोघी रेसिडेंट डॉक्टरांच्या तावडीत सापडला होता. अंगाची चाळण झालेली.

मी खिशातल्या पेपर क्लिपने प्रोब, म्हणजे मशीनचा अंगावर टेकवून फिरवायचा भाग, तपासला (कसा, ते पुढे येईल). मशीन ठणठणीत होतं. सुईही वडीत होती. दोघांची गाठ पडत नव्हती, एवढंच.

बाहेरच्या माणसाला वाटतं, सोनोग्राफी लावली की शरीर काचेसारखं पारदर्शक होत असणार. विमानतळावर बॅगेतल्या चाव्या-कात्र्या दिसतात तशी सुई आत जाताना दिसणार, आणि डॉक्टर बघत बघत ती नेमकी गाठीवर नेणार. प्रत्यक्षात शरीर दिसणं त्या मानाने सोपं आहे. अवघड आहे ते सुई दिसणं, आणि त्याहून अवघड सुईचं टोक दिसणं. गेल्या पंचवीसेक वर्षांत या क्षेत्रात जी काही यंत्रं, युक्त्या आणि सॉफ्टवेअर आली, ती सगळी या एका प्रश्नाभोवती फिरतात: टोक कुठंय?

कवडशातली काडी

चाळीतली दुपारची खोली डोळ्यांसमोर आणा. दार लोटलेलं, आत अंधार, आणि दाराच्या उभ्या फटीतून उन्हाचा एक पातळ पट्टा आत आलाय. धूळ सगळ्या खोलीभर आहे, पण दिसते फक्त त्या पट्ट्यात. पट्ट्याच्या बोटभर बाजूला तेवढीच धूळ असते, तिचा पत्ता नसतो.

प्रोबमधून निघणारा आवाजाचा पट्टा असाच असतो. रुंदीला तीन-चार सेंटिमीटर, खोलीला हवा तेवढा, पण जाडीला, जिथे फोकस असतो तिथे, जेमतेम एक-दोन मिलिमीटर. पडद्यावर जे दिसतं ते शरीर नाही, त्या पट्ट्यात सापडलेला शरीराचा काप आहे. आता सुई किती जाड? नस, म्हणजे मज्जातंतू, बधिर करायला वापरतात ती २२ गेजची सुई साधारण ०.७ मिलिमीटर. म्हणजे एक-दोन मिलिमीटरच्या पट्ट्यात पाऊण मिलिमीटरची वस्तू, दोन हातांनी, दोन वेगळ्या दिशांनी आणून नेमकी बसवायची. एक हात प्रोबवर, दुसरा सुईवर, नजर तिसरीकडे पडद्यावर. शिवाय रुग्ण श्वास घेत असतो.

उन्हाच्या त्या पट्ट्यात आता खराट्याची एक काडी धरा. दोन प्रकारे धरता येते. पट्ट्याच्या लांबीत नीट ओळीने धरली तर अख्खी काडी उजळते. याला डॉक्टर इन-प्लेन म्हणतात. सुई पडद्यावर पांढऱ्या रेघेसारखी दिसते. किंवा काडी पट्ट्याला आडवी छेदून धरायची. मग उजळतो तो फक्त एक ठिपका, जिथे काडी पट्टा ओलांडते तेवढाच. हे आउट-ऑफ-प्लेन.

घात इथेच होतो. आडव्या काडीचा उजळलेला ठिपका पाहून सांगता येईल का, की हे काडीचं टोक आहे की मधला भाग? नाही. ठिपका तो ठिपकाच. पडद्यावर ठिपका शिरेच्या मधोमध दिसतोय म्हणून डॉक्टर खूश, आणि टोक मात्र शीर पार करून पलीकडच्या धमनीत. इन-प्लेनमध्येही सुटका नाही. काडी जराशी तिरकी झाली तर तिचा अर्धा भाग पट्ट्यात आणि उरलेला अंधारात. उजेड जिथे संपतो तिथे काडी संपली असं डोळ्याला वाटतं. काडी पुढे आहेच, आपल्याला दिसत नाही. परळच्या त्या दोघींचं नेमकं हेच झालं होतं. एक जण सुई पुढे पुढे ढकलत होती, आणि पडद्यावरची रेघ हलत नाही म्हणून मशीनला बोल लावत होती. वडी उलटून दाखवली. सुई खालून बाहेर आलेली.

यावर एक साधी, यंत्राविना युक्ती आहे, आणि जुनेजाणते डॉक्टर ती घाईचा मोह सोडून पाळतात. सुई आडवी असेल तर आधी ठिपका शोधायचा, मग सुई न हलवता प्रोब किंचित पुढे सरकवायचा, ठिपका नाहीसा होईपर्यंत. नाहीसा झाला म्हणजे आपण टोकाच्या पुढे आलो. आता सुई हळूच पुढे, ठिपका पुन्हा उगवेपर्यंत. जो पहिल्यांदा उगवतो ते टोकच. परत प्रोब पुढे, परत सुई पुढे. असं पाऊल पाऊल चालत शिरेपर्यंत जायचं. दुसरी युक्ती, सुईतून थेंबभर सलाईन सोडायचं. टोकापाशी पडद्यावर काळं डबकं फुगतं, आणि डबकं जिथे, टोक तिथे. सुई हलकेच हलवून आजूबाजूचं मांस कुठे हलतंय ते पाहणं ही तिसरी. ही सर्वात प्रचलित आणि माझ्या मते सर्वात फसवी, कारण मांस लांबवरचंही हलतं.

कॅरमची कड

पट्ट्यात नीट धरूनही सुई कधीकधी दिसत नाही. त्याचं कारण समजायला आवाजाकडे वळावं लागेल.

माणसाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. प्रोबचा आवाज सेकंदाला वीस लाखांपासून दीड कोटी कंपनांपर्यंतचा, काही प्रोबचा त्याहूनही वरचा. तो निघतो प्रोबच्या तोंडाशी ओळीने बसवलेल्या बारीक स्फटिकांतून. विजेचा झटका दिला की स्फटिक थरथरतो, आणि उलट, आवाजाने थरथरला की वीज देतो. हा गुण पिएर क्युरी आणि त्याचा भाऊ झाक यांनी १८८०-८१ साली दाखवून दिला. म्हणजे तोच स्फटिक तोंडही आणि कानही. मऊ मांसातून आवाज सेकंदाला साधारण १५४० मीटर धावतो. चार सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला त्याला ५२ मायक्रोसेकंद लागतात. वेळ मोजली की खोली कळली. बाकी सगळा हिशेब मशीनचा.

हीच विद्या लोखंडाला आधी लागू झाली, माणसाला नंतर. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये कापून काढलेल्या गाठी एका बॉयलर कारखान्यात नेऊन तिथल्या, धातूतल्या भेगा शोधणाऱ्या यंत्राखाली धरल्या. १९५८ मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला आणि सोनोग्राफीची गाडी सुरू झाली. त्या यंत्राची भावंडं आपल्याकडे रेल्वेत आहेत. रुळांवरून ढकलगाडी नेत पोटातल्या भेगा शोधणारे कर्मचारी कधी पाहिले असतील तर नीट आठवा, गाडीतून रुळावर पाणी सांडत असतं. तीच आपली जेली. आवाजाला हवेचं वावडं. प्रोब आणि कातडीमध्ये केसाएवढी हवेची फट राहिली तरी जवळजवळ सगळा आवाज तिथूनच परततो, म्हणून ती गार, बुळबुळीत जेली.

आणखी एक तडजोड आहे. गणपतीत ढोलाचा ठोका चार गल्ल्या पलीकडे पोचतो, ताशा जवळ गेल्यावरच नीट ऐकू येतो. शरीरातही खालच्या पट्टीचा आवाज खोल जातो, वरच्या पट्टीचा लवकर विरतो. पण बारकावे दाखवतो तो वरच्या पट्टीचाच. म्हणून मानेतल्या शिरेला, काखेतल्या नसांना चपटा, वरच्या पट्टीचा प्रोब, आणि यकृताला गोलाकार तोंडाचा, खालच्या पट्टीचा. खोलवरचं चित्र धूसर असतं ही मशीनची खोट नाही, हे मी हॉस्पिटलांच्या खरेदी विभागांना वर्षानुवर्षं सांगत आलोय.

आता कॅरम. स्ट्रायकर कडेवर सरळ मारला तर सरळ परत येतो. तिरका मारला तर तिरका पलीकडे निघून जातो, तुमच्याकडे येत नाही. सुई म्हणजे गुळगुळीत स्टीलची कड. सुई कातडीला समांतर, आडवी पडलेली असेल तर वरून आलेला आवाज तिच्यावर सरळ आपटून प्रोबकडे परततो, आणि सुई झळझळीत दिसते. पण गाठ खोल असेल तर सुई तीव्र उतारावर घालावी लागते. मग आवाज तिच्यावर आदळून भलतीकडे निघून जातो. सुई पट्ट्यात आहे, आवाज तिच्यावर पडतोय, पण परत काही येत नाही. साधारण पंचेचाळीस अंशांच्या पुढे गुळगुळीत सुई पडद्यावर भुतासारखी होते. आसपासचं मांस मात्र खरखरीत असल्याने सगळीकडे आवाज विखुरतं, ते व्यवस्थित दिसत राहतं.

पाट्याला टाकी

यावरचा सर्वात साधा उपाय सुईवरच केला गेला. पूर्वी दुपारच्या वेळी "पाट्याला टाकीऽऽ" अशी हाळी देत बायका वाडीत यायच्या. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर छिन्नीने बारीक खड्डे पाडून द्यायच्या, की वाटण पुन्हा नीट होई. खास सोनोग्राफीसाठीच्या सुयांवर टोकाजवळ असेच सूक्ष्म खड्डे पाडलेले असतात. खड्ड्याच्या भिंतींवर आपटून आवाजाचा काही भाग आल्या वाटेने परततो, सुई कितीही तिरकी असली तरी. साध्या सुईपेक्षा ती बरीच महाग, त्यामुळे सरकारी हॉस्पिटलात साठा आला की सिस्टर ती कपाटात वेगळी ठेवतात.

दुसरा उपाय प्रोबला बसणाऱ्या प्लास्टिकच्या खाचेचा. प्रोबवर एक क्लिप चढवायची, तिच्यात ठरलेल्या कोनात खाच, खाचेतून सुई. पडद्यावर ठिपक्यांची रेघ उमटते: सुई गेली तर याच वाटेने जाणार. यकृताच्या आणि प्रोस्टेटच्या बायोप्सीत हे फार वापरतात. रुळावरची गाडी जशी, बाजूला जायचा प्रश्नच नाही. पण वाटेत बरगडी किंवा रक्तवाहिनी आली तर रूळ बदलता येत नाही, सगळंच उचलून दुसरीकडे ठेवावं लागतं. आणि लांब, बारीक सुई आत गेल्यावर वाकते हे रेघेला कुठे माहीत?

तिसरा उपाय मशीनच्या पोटात आहे. प्रोबमधले सगळे स्फटिक एकाच क्षणी वाजले तर आवाज नाकासमोर सरळ जातो. पण ओळीतला प्रत्येक स्फटिक शेजाऱ्यापेक्षा किंचित उशिरा वाजवला तर? लेझीमच्या पथकात एका रांगेतल्या मुलांनी ओळीने एकेक पाऊल उशिरा चालायला सुरुवात केली की अख्खी रांग तिरकी होते, तसा आवाजही तिरका निघतो. प्रोब न हलवता. म्हणजे सुई तिरकी असेल तर तिच्यावर आवाज सरळ आपटेल असा कोन धरता येतो. मशीन आळीपाळीने सरळ आणि तिरके आवाज सोडतं, सरळमधून मांसाचं चित्र घेतं, तिरक्यातून सुईचं, आणि दोन्ही एकावर एक मांडतं. आजच्या बऱ्याच मशीनवर याचं बटण असतं. ते दाबलं की सुई अचानक उजळते, आणि नवे डॉक्टर "अरे वा" म्हणतात. पण हे बटण फक्त पट्ट्यातली सुई उजळवतं. पट्ट्याबाहेरच्या सुईला त्याचा काडीचाही उपयोग नाही. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी अर्ध्या याच गैरसमजातून येतात.

पट्ट्याबाहेर गेलेली सुई शोधायची तर आवाज सोडून दुसरं काहीतरी लागतं. चुंबक. एका पद्धतीत सुई वापरण्याआधी चुंबकीय करून घेतात आणि प्रोबमध्ये चुंबकत्व ओळखणारे सेन्सर असतात. सुई कातडीत शिरायच्या आधीच पडद्यावर तिची वाट रेखली जाते: इथून गेलीस तर इथे पोचशील. दुसऱ्या पद्धतीत रुग्णाच्या शेजारी एक पेटी ठेवतात, ती आजूबाजूला क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार करते. प्रोबवर आणि सुईच्या आत तांदळाच्या कणीपेक्षा बारीक वेटोळी असतात. क्षेत्रात कोण कुठे आहे हे त्यावरून संगणक सांगतो. घरातल्या घरात जीपीएस म्हणा. याचा खरा फायदा यकृताच्या आणि प्रोस्टेटच्या गाठींत होतो. गाठ सीटी स्कॅनवर किंवा एमआरआयवर स्वच्छ दिसते, पण सोनोग्राफीवर मांसात मिसळून जाते. मग जुना स्कॅन मशीनमध्ये भरायचा आणि प्रोब हलेल तसा तो स्कॅनही हलवायचा. पडद्यावर शेजारी-शेजारी दोन चित्रं, एक आत्ताचं, एक गेल्या आठवड्यातलं. अडचण एकच, यकृत प्रत्येक श्वासाला एक-दोन सेंटिमीटर खालीवर होतं, आणि गेल्या आठवड्यातला स्कॅन रुग्णाने श्वास रोखून काढलेला असतो. शिवाय लोखंडाचं या पेटीशी पटत नाही. एका ठिकाणी मी दिवसभर सॉफ्टवेअर तपासत बसलो होतो, आणि दोष होता रुग्णाखालच्या खाटेच्या लोखंडी चौकटीत.

मला स्वतःला सर्वात आवडलेली युक्ती वेगळी. सुईच्या टोकाजवळ एक सूक्ष्म कान बसवायचा. प्रोब ओळीने, डावीकडून उजवीकडे आवाजाच्या एकेक रेघा सोडत असतो. कोणत्या रेघेच्या वेळी कानाला सर्वात मोठा आवाज ऐकू आला आणि तो पोचायला किती वेळ लागला, एवढ्यावरून टोक आडवं कुठे आणि खोल किती हे निघतं. पडद्यावर तिथे रंगीत वर्तुळ येतं. टोक पट्ट्याच्या मधोमध असेल तर वर्तुळ लहान, बाजूला सरकू लागलं की मोठं. इथे सुई दिसायची गरजच उरत नाही. सुईच सांगते, मी इथे आहे.

आणि अर्थात एआय. सध्या जिकडे तिकडे तेच. इथे त्याचं काम पडद्यावरच्या चित्रात रंग भरण्याचं: ही नस पिवळी, ही धमनी लाल, हा स्नायू जांभळा. डॉक्टरांनी खुणा करून दिलेल्या पुष्कळ चित्रांवरून ते शिकलेलं असतं. शिकाऊ डॉक्टरला याचा चांगला उपयोग होतो, मी पाहिलंय. पण चित्र वाईट असलं तरी ते रंग भरतंच, आणि रंगवलेलं चित्र करड्या चित्रापेक्षा खात्रीचं वाटतं. ही गोम मला अजून पचलेली नाही.

पेपर क्लिपची गोष्ट राहिली. प्रोबमध्ये १२८ किंवा १९२ असे स्फटिक असतात. प्रोब हातातून पडला, केबलवरून ट्रॉलीचं चाक गेलं, की त्यातले काही मरतात. चित्रात बारीक काळी उभी पट्टी येते, नेहमीच्या तपासणीत ती लक्षातही येत नाही. पण सुई त्या पट्टीखालून जात असेल तर नेमकी तिथेच गायब. म्हणून जेली न लावता, कोरड्या प्रोबवरून पेपर क्लिपची कड हळूहळू सरकवायची. जिथे क्लिप टेकते तिथे पडद्यावर उजळ पट्टे उमटतात आणि क्लिपसोबत सरकत जातात. मध्ये कुठे ते फिके पडले की समजायचं, इथला स्फटिक गेला. काही लाखांच्या प्रोबची परीक्षा, फुकटात.

मुंबईच्या वॉर्डांत

आपल्या शहरात हे सगळं रोज कुठे लागतं? सर्वात आधी छातीतलं पाणी. टीबीने, कधी न्यूमोनियाने, कधी कॅन्सरने फुप्फुसाभोवती पाणी साचतं आणि ते सुईने काढावं लागतं. पूर्वी डॉक्टर पाठीवर बोटांनी ठोकून, आवाज कुठे बद्द येतो ते ऐकून जागा ठरवत. आजही शिकवतात, शिकवायलाच हवं. पण सोनोग्राफीत पाणी काळंभोर दिसतं, त्यात फुप्फुसाची कड माशाच्या शेपटीसारखी वळवळते, आणि खाली छाती-पोटामधला स्नायूचा पडदा श्वासासोबत हलताना दिसतो. त्याच्या खालीच यकृत किंवा प्लीहा, तिथे सुई जाऊन चालणार नाही. सुई बरगडीच्या वरच्या कडेला लागूनच घालायची, कारण रक्तवाहिनी आणि नस बरगडीच्या खालच्या कडेला चिकटून धावतात.

दुसरं, आयसीयूत मानेच्या शिरेत टाकायची सेंट्रल लाइन, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी औषधांची नळी. शिरेला खेटून मेंदूकडे जाणारी मोठी धमनी. पूर्वी हा सगळा मामला अंदाजपंचे, मानेवरच्या खुणा धरून चालायचा. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २००२ मध्येच सांगितलं, की ही लाइन सोनोग्राफी बघून टाका. ओळखायचं कसं? दोन्ही काळी वर्तुळंच. प्रोब जरा दाबायचा. शीर चपटी होते, धमनी गोल राहून उड्या मारते. डॉपलरचे, म्हणजे वाहतं रक्त दाखवणारे, रंग पाहून मात्र फसू नका. लाल म्हणजे धमनी नव्हे. लाल म्हणजे प्रोबच्या दिशेने येणारं रक्त, निळं म्हणजे दूर जाणारं. प्रोब उलट्या बाजूला कलला की रंगांची अदलाबदल होते.

तिसरं, हाताच्या ऑपरेशनला पूर्ण भूल न देता फक्त हात बधिर करणं. गळपट्टीच्या हाडावर नसांचा जुडगा द्राक्षांच्या घडासारखा दिसतो, शेजारी धमनी, आणि खाली, फार दूर नाही, फुप्फुस. या जागी टोक कुठंय हा प्रश्न फारच खरा असतो. याखेरीज थायरॉइडच्या, स्तनाच्या गाठींचे तुकडे, यकृतातला पू. फुप्फुसाच्या आत खोलवर असलेल्या गाठीला मात्र सोनोग्राफी चालत नाही, मध्ये हवा. तिथे सीटी स्कॅन लागतो.

पॅथॉलॉजी लॅबमध्ये हातावर हिरवा-लाल उजेड पाडून शिरा दाखवणारं यंत्र असतं, ते हे नव्हे. ते इन्फ्रारेड, कातडीलगतच्या शिरांपुरतं. खोलवर काय आहे ते त्याला कळत नाही.

त्या दोघींपैकी एकीने निघताना विचारलं, "काका, मोबाइलला जोडायचे छोटे प्रोब मिळतात ना? घरी असता तर रोज रात्री सराव केला असता." मिळतात. पण घरी नेता येत नाहीत. १९८८ मध्ये गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, आणि त्यामागे मुंबईतल्या कार्यकर्त्यांची बरीच वर्षांची लढाई होती. केंद्राचा कायदा १९९४ चा, २००३ मध्ये आणखी कडक झालेला. गर्भ दाखवू शकेल असं कुठलंही मशीन नोंदणीशिवाय ठेवता येत नाही, भूलतज्ज्ञाला त्यात फक्त नसाच बघायच्या असल्या तरी. विकणाऱ्याला कोणाला विकलं याचा अहवाल दर तीन महिन्यांनी द्यावा लागतो, आणि उचलून नेण्याजोग्या मशीनवर तर जास्तच बंधनं. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. हे आकडे माहीत असलेल्या माणसाला कायद्यावर चिडता येत नाही. तरी खिशात मावणारा प्रोब संध्याकाळी कपाटात कुलूपबंद होतो आणि शिकणाऱ्या मुली चायना ग्रासच्या वड्या डब्यात घालून हार्बर लाइनने हॉस्पिटलात आणतात, याचं वाईट वाटतंच.

गेल्या पावसाळ्यात मीच तापाने ऍडमिट झालो. कुठे ते सांगत नाही. तिसऱ्या दिवशी सलाईनची जागा सुजली आणि नवी शीर काही सापडेना. दोन मनगटं, एक कोपर, परत मनगट, पाच वेळा टोचून झालं. मग रात्री अकराला एक तरुण डॉक्टर मशीन ढकलत आली. दंडाच्या आतल्या बाजूला जेली, त्यावर प्रोब. मला पडदा दिसत होता. धमनी कुठली, शीर कुठली, प्रोब दाबल्याबरोबर कळलं. सुई आत गेली, ठिपका आला, शिरेच्या वरच्या कडेला. मी तोंड उघडणार होतो, की हे टोक कशावरून, पण ती थांबली. प्रोब जरा पुढे सरकवला. ठिपका गेला. सुई पुढे. ठिपका आला. परत प्रोब, परत सुई. काळ्या वर्तुळाला वरून खळी पडली, मग ती खळी एकदम सुटली आणि पांढरा ठिपका वर्तुळाच्या मधोमध आला.

"दुखलं का, काका?"

"नाही," म्हटलं. "कोणत्या प्रोबवर शिकलात?"